राजीनामा दिला तर ईएसआयसीचा बेरोजगारी भत्ता मिळतो का? सही करायच्या आधी विचारतोय

टर्निंग_सेंटर

नमस्कार मंडळी. प्रश्न थोडक्यात मांडतो.

चाकण एमआयडीसीतली ऑटो पार्ट्सची कंपनी, साधारण साठ कामगार. मी सीएनसी ऑपरेटर, कायम. रुजू १६ ऑगस्ट २०२१. ग्रॉस १९,८००, गेली दोन वर्षं हाच आकडा. दर महिन्याला ईएसआयसीचे (कर्मचारी राज्य विमा महामंडळ) १४९ रुपये कापले जातात, पीएफही कापला जातो. ऑर्डर कमी झाल्यामुळे आमच्या लाइनच्या ११ जणांना २८ फेब्रुवारी २०२६ हा शेवटचा दिवस असं तोंडी सांगितलंय. एचआरचं म्हणणं असं, की राजीनामा लिहून द्या, एक महिन्याचा पगार जास्तीचा मिळेल, आणि ईएसआयसीचा भत्ता तुम्हाला ऑनलाइन मिळेलच.

मला हे विचारायचंय:
राजीनामा दिला तर भत्त्याला पात्र राहतो का?
भत्ता नक्की किती आणि किती महिने?
पीएफ काढला तर भत्त्यावर परिणाम होतो का?

सही अजून केलेली नाही. सोमवारपर्यंत मुदत दिली आहे.

---

पगारपत्रक

सही करू नका. आधी हे वाचा.

ईएसआयसीत बेकारीच्या काळात पैसे देणाऱ्या दोन वेगळ्या योजना आहेत आणि लोक त्यांची सरमिसळ करतात. तुमच्या एचआरनेही तीच केलेली दिसते, किंवा मुद्दाम केली आहे.

पहिली, राजीव गांधी श्रमिक कल्याण योजना. १ एप्रिल २००५ पासून आहे. नोकरी तीनपैकी एका कारणाने गेलेली असावी लागते: कारखाना बंद झाला, कामगार कपात झाली, किंवा कामाशी संबंध नसलेल्या दुखापतीमुळे किमान ४० टक्के कायमचं अपंगत्व आलं. किमान दोन वर्षांचं योगदान लागतं. पैसे जास्तीत जास्त २४ महिने मिळतात: पहिले १२ महिने सरासरी पगाराच्या ५० टक्के, पुढचे १२ महिने २५ टक्के. त्या काळात तुम्हाला आणि कुटुंबाला दवाखानाही चालू राहतो.

दुसरी, अटल बीमित व्यक्ती कल्याण योजना. १ जुलै २०१८ ला प्रायोगिक म्हणून दोन वर्षांसाठी आली, पुढे मुदत वाढत गेली. सुरुवातीला दर २५ टक्के होता, कोविडच्या वर्षी तो ५० टक्के केला. पैसे जास्तीत जास्त ९० दिवसांचे आणि तेही अख्ख्या आयुष्यात मिळून. ही योजना मुदतीवर चालते, म्हणून तुमची नोकरी जाईल त्या तारखेला ती चालू आहे ना, हे ईएसआयसीच्या शाखेत विचारून घ्या.

आता राजीनाम्याचं. पहिल्या योजनेत राजीनामा बसतच नाही, तिथे कपात किंवा बंद हेच शब्द लागतात. दुसरीतही स्वतःहून नोकरी सोडणं, स्वेच्छानिवृत्ती, निवृत्तीचं वय, शिस्तभंगाच्या कारवाईत काढून टाकणं आणि बेकायदा ठरलेल्या संपातला काळ हे सगळं अपात्रतेच्या यादीत आहे. म्हणजे "वैयक्तिक कारणास्तव राजीनामा देत आहे" एवढी एक ओळ लिहिलीत की दोन्ही दारं तुम्ही स्वतःच्या हाताने लावून घेतलीत.

आणखी एक गोष्ट कामगाराला सहसा दिसत नाही. कंपनी दर महिन्याला ईएसआयसीच्या पोर्टलवर योगदान भरते, तेव्हा ज्याचे दिवस शून्य असतील त्याच्या नावापुढे कारणाचा कोड टाकावा लागतो. २ म्हणजे नोकरी सोडली, ३ निवृत्त, ४ मर्यादेबाहेर, ८ काम स्थगित, ९ संप किंवा टाळेबंदी, १० कपात, ११ काम नाही. सोबत शेवटच्या कामाच्या दिवसाची तारीखही टाकतात. पेरोलवाले डोळे झाकून २ टाकतात, कारण पुढे कुणी प्रश्न विचारत नाही. तुमच्या बाबतीत १० पडलं पाहिजे. मार्चचं योगदान १५ एप्रिलपर्यंत भरायचं असतं, त्याच्या आधीच एचआरला ईमेल करून ठेवा.

---

जुना_फिटर

पगारपत्रकचं म्हणणं नियमाप्रमाणे बरोबर, पण आमच्या पट्ट्यात राजीनामा दिलेल्यांनाही अटल योजनेचे पैसे आलेले आहेत. ऑनलाइन भरायचं, योगदान पुरेसं असलं की शाखा मंजूर करते. उगाच घाबरवू नका.

---

शाखा_खिडकी

पोर्टलवर दावा भरला जाणं वेगळं आणि तुम्ही पात्र असणं वेगळं. पूर्वी दावा शेवटच्या मालकामार्फत यायचा. आता विमाधारक थेट भरतो आणि शाखा नोंदींवरून तपासते, त्यामुळे काही दावे प्रश्न न होता निघतात हे खरं. पण कोड २ दिसला तर शाखा राजीनाम्याची प्रत मागू शकते आणि दाव्यावर सही तुमची असते. खोटी माहिती देऊन लाभ घेतला तर कायद्याने गुन्हा होतो (जुन्या ईएसआय कायद्यात कलम ८४), आणि त्यात शिक्षा झालेल्याला या योजनेतून वगळलेलं आहे. दुसऱ्याला मिळाले म्हणून मलाही मिळतील, या हिशेबावर नोकरीचा कागद लिहून देऊ नये.

आता मूळ प्रश्नातल्या "किती" वर येतो.

ईएसआयसीचं वर्ष दोन योगदान काळांत विभागलेलं आहे: १ एप्रिल ते ३० सप्टेंबर आणि १ ऑक्टोबर ते ३१ मार्च. अटल योजनेला नोकरी जाण्याआधी किमान दोन वर्षं विमायोग्य (ईएसआयसी लागू असलेली) नोकरी लागते. त्यात नोकरी गेली त्याच्या लगेच आधीच्या योगदान काळात किमान ७८ दिवस, आणि त्याआधीच्या तीन काळांपैकी कुठल्याही एकात किमान ७८ दिवस. (मूळ नियम चारही काळांत ७८ असा होता, तो सैल केला. जुने व्हिडिओ अजून तोच सांगतात.)

तुमचा शेवटचा दिवस २८ फेब्रुवारी धरला तर "लगेच आधीचा काळ" म्हणजे एप्रिल ते सप्टेंबर २०२५. चालू काळ त्यात येत नाही, इथे बरेच जण चुकतात. ७८ दिवस म्हणजे पगार मिळालेले दिवस. महिन्याच्या पगारावर असाल तर पगारी साप्ताहिक सुट्ट्याही त्यात मोजल्या जातात, म्हणून तीन पूर्ण महिन्यांतच आकडा पार होतो. अडचण येते ती त्या सहामाहीत लांब बिनपगारी रजा झाली असेल तर.

दर असा काढतात: चार योगदान काळांतला एकूण पगार भागिले ७३०. तुमचं उदाहरण घ्या. १९,८०० गुणिले २४ म्हणजे ४,७५,२००. भागिले ७३० म्हणजे रोजचे ६५०.९६. त्याच्या निम्मे ३२५.४८. ९० दिवसांचे साधारण २९,२९३ रुपये. बस, एवढंच.

लक्षात घ्या, भागाकार ७३० नेच होतो, मग तुम्ही मध्ये सहा महिने घरी बसलेले असा किंवा नसा. २४ पैकी १४ महिनेच पगार असेल तर १८,००० वाल्याचे २,५२,००० भागिले ७३०, म्हणजे ३४५ च्या आसपास, आणि निम्मे १७२ रुपये रोज. "अर्धा पगार मिळतो" असं ऐकून गेलेल्या माणसाला खात्यात तिसऱ्या हिश्श्याहूनही कमी दिसतो तो यामुळे.

राजीव गांधी योजनेचा ढोबळ हिशेब तुमच्यासाठी असा: महिन्याला साधारण ९,९०० रुपयांप्रमाणे १२ महिने, म्हणजे १,१८,८००. पुढे बेकार राहिलात तर ४,९५० प्रमाणे १२ महिने, म्हणजे ५९,४००. दोन्ही मिळून पावणेदोन लाखांच्या वर. नवी नोकरी लागली की थांबतं. दोन्ही योजना एकाच वेळी घेता येत नाहीत.

म्हणून माझा सल्ला: कपातीचं पत्र मिळत असेल तर राजीव गांधी योजनेतच जा. अटलचे ९० दिवस आयुष्यात एकदाच आहेत, ते उगाच खर्चू नका.

---

कामगार_कायदा_नाशिक

वरचे दोघं ईएसआयसीचं बोलले. पण कंपनी जे देणं लागते ते त्याहून मोठं आहे आणि ते कुणी सांगितलेलंच नाही.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून चारही कामगार संहिता (जुन्या कामगार कायद्यांच्या जागी आलेले नवे कायदे) लागू झाल्या. तुमची तारीख त्यानंतरची, म्हणून औद्योगिक संबंध संहिता लागू. एक वर्ष सलग सेवा झालेल्या कामगाराची कपात करायची तर एक महिन्याची लेखी नोटीस, कारणासह, किंवा त्याऐवजी महिन्याचा पगार. शिवाय पूर्ण झालेल्या प्रत्येक वर्षामागे १५ दिवसांचा सरासरी पगार, आणि सरकारला सूचना. जुन्या औद्योगिक विवाद कायद्यातही कलम २५ फ मध्ये हेच होतं. ३०० च्या खाली कामगार असल्यामुळे तुमच्या कंपनीला सरकारची परवानगी लागत नाही. नोटीस आणि भरपाई मात्र चुकत नाही.

वर्षं मोजताना सहा महिन्यांच्या वरचा तुकडा पूर्ण वर्ष धरतात. १६ ऑगस्ट २०२१ ते २८ फेब्रुवारी २०२६ म्हणजे ४ वर्षं, ६ महिने आणि वर काही दिवस. म्हणून ५ वर्षं धरायची. शेवटचा दिवस १० फेब्रुवारी दाखवला असता तर चारच धरली असती. तारखेकडे लक्ष ठेवा, पत्रात ती मागे सरकवली जाते.

१५ दिवसांचा पगार म्हणजे मासिक पगारवाल्याला निम्मा महिना. २६ ने भागायचं ते ग्रॅच्युइटीला, इथे नाही. तर ९,९०० गुणिले ५ म्हणजे ४९,५००. नोटीस दिली नाही तर आणखी १९,८००. दोन्ही मिळून ६९,३००. याशिवाय संहितेत पुनर्कौशल्य निधीची तरतूद आहे: कपात झालेल्या कामगाराच्या खात्यात ४५ दिवसांत शेवटच्या पगाराच्या १५ दिवसांइतकी रक्कम. तुमचे ९,९००. ते निधीमार्फत येतात, म्हणून एचआरशी बोलताना वेगळे धरा.

एचआर देतोय १९,८००. बाकी तुम्हीच ताडून बघा.

कपातीची भरपाई पाच लाखांपर्यंत आयकरमुक्त असते, ती काळजी नको.

एक खोच तपासा. नियुक्तीपत्रात पदनाम काय आहे? "ज्युनिअर सुपरवायझर" असं काही लिहून ठेवलं असेल तर कंपनी म्हणेल की पर्यवेक्षक आणि पगार १८,००० च्या वर, म्हणून तुम्ही कामगारच नाही. न्यायालय पदनाम बघत नाही, प्रत्यक्ष काम बघतं. मशीनवर उभे राहून जॉब काढत असाल तर तुम्ही कामगार. रोजचे प्रॉडक्शन शीट, सेटअप कार्ड, मशीन नंबरसह तुमचं नाव असलेली कुठलीही नोंद, यांचे फोटो आत्ताच काढून ठेवा. गेट पास बंद झाल्यावर काही हाती लागत नाही.

सोमवारी काय करायचं: भांडायचं नाही. ईमेल करा, तीन ओळींचा. "दिनांक अमुक रोजी तमुक यांनी काम कमी झाल्याने २८ फेब्रुवारी हा माझा शेवटचा दिवस असल्याचे तोंडी कळवले व राजीनामा मागितला. मी राजीनामा देऊ इच्छित नाही. कपात करावयाची असल्यास नियमानुसार लेखी नोटीस व भरपाई द्यावी." हेच स्पीड पोस्टने पाठवून पोच जपून ठेवा. ११ जणांनी वेगवेगळं पाठवलं तरी चालेल, पण मजकूर एकच ठेवा. उत्तर नाही आलं तर पुण्यातल्या कामगार आयुक्त कार्यालयात समेटासाठी अर्ज.

गेट बंद केलं आणि कागद काहीच दिला नाही तर? दुसऱ्या दिवशीही शिफ्टच्या वेळेला गेटवर जा आणि आत सोडलं नाही याचा ईमेल तिथूनच करा. नाहीतर आठ दिवसांनी "गैरहजर, काम सोडून गेला" असं पत्र येतं, आणि काम सोडून जाणं हे अपात्रतेचंच कारण आहे.

---

टर्निंग_सेंटर

खूप आभार सगळ्यांचे. पदनाम "ऑपरेटर" आहे, पत्र बघितलं. एचआरला विचारलं तर म्हणाले, कपातीचं पत्र दिलं तर पुढच्या नोकरीत वाईट दिसेल. यात तथ्य आहे का? आणि पत्र मिळालंच तर त्यात नेमकं काय असावं?

---

पगारपत्रक

पुढची कंपनी अनुभव प्रमाणपत्र बघते, कपातीचं पत्र तुम्ही दाखवायची गरजच नसते. दोन वेगळे कागद मागा.

कपातीच्या पत्रात असावं: तुमचं नाव, ईएसआयसीचा इन्शुरन्स नंबर, यूएएन (पीएफचा नंबर), रुजू तारीख, शेवटचा दिवस, कारण म्हणून "काम कमी झाल्याने कामगार कपात" हे शब्द, भरपाईचा हिशेब, सही, शिक्का. "परस्पर संमतीने सेवा समाप्त" किंवा "करार संपला" असं लिहिलं तर परत पाठवा. मुदतीचा करार संपणं कायद्याच्या व्याख्येत कपात धरलं जात नाही. सरकारला पाठवलेल्या सूचनेची प्रत मिळाली तर सोन्याहून पिवळं, शाखेत तो सगळ्यात भक्कम पुरावा.

फुल अँड फायनल, म्हणजे शेवटचा हिशेब: वेतन संहितेप्रमाणे कपात असो वा राजीनामा, राहिलेला पगार दोन कामाच्या दिवसांत. "४५ दिवसांनी अकाउंट्स बघेल" ही जुनी सवय आहे, नियम नाही. आणि पैसे घेताना "माझे काहीही येणे बाकी नाही" अशा पावतीवर सही मागतात, तिथे रकमेखाली स्वतःच्या अक्षरात "फक्त वरील रकमेपुरती पोच" लिहा.

---

वाळूज_रात्रपाळी

मध्येच विचारतो, माफ करा. दोन प्रश्न. एक, माझा पगार जून २०२५ मध्ये २०,५०० वरून २२,४०० झाला. डिसेंबरात काढलं. अटल मिळेल का? दोन, मित्र ठेकेदारामार्फत आहे, तीन वर्षांत दोन ठेकेदार बदलले, पोर्टलवर त्याला फक्त ११ महिन्यांचंच योगदान दिसतं.

---

शाखा_खिडकी

पहिलं. ईएसआयसीची मर्यादा २१,००० आहे, अपंग कर्मचाऱ्यासाठी २५,०००. योगदान काळाच्या मध्ये पगार वाढून मर्यादा ओलांडली तर त्या काळाच्या शेवटापर्यंत योगदान चालूच राहतं. म्हणजे तुमचं ३० सप्टेंबर २०२५ पर्यंत कापलं गेलं असणार आणि १ ऑक्टोबरपासून तुम्ही बाहेर. डिसेंबरात नोकरी गेली त्या दिवशी तुम्ही विमाधारक कर्मचारी नव्हता, दावा तिथेच अडतो. मात्र पगाराची स्लिप नीट बघा. मर्यादा तपासताना ओव्हरटाइम धरत नाहीत, योगदान मात्र त्यावरही कापतात. २२,४०० मध्ये ओव्हरटाइम मिसळून कंपनीने तुम्हाला चुकून बाहेर काढलं असेल तर ती चूक कंपनीने दुरुस्त करायची असते.

पैसे नाही मिळाले तरी एक गोष्ट वाया घालवू नका. एप्रिल ते सप्टेंबर २०२५ च्या योगदानावर जानेवारी ते जून २०२६ हा लाभ काळ मिळतो. नोकरी गेली तरी या काळात ईएसआयसीचा दवाखाना तुम्हाला बंद होत नाही. कार्ड घेऊन जा.

दुसरं, मित्राचं. हा रोजचा घोळ आहे. नवा ठेकेदार जुना इन्शुरन्स नंबर विचारतच नाही, सरळ नवीन काढतो. मग एका माणसाचे दोन-तीन नंबर होतात आणि योगदान विभागलं जातं. एकाही नंबरावर दोन वर्षं भरत नाहीत. सगळे नंबर एकत्र करून घ्यावे लागतात. अर्ज शाखेत द्यायचा: सगळ्या नंबरांची यादी, आधार, प्रत्येक ठेकेदाराची एखादी पगार स्लिप. पुण्याकडे असेल तर बिबवेवाडीच्या पंचदीप भवनात (ईएसआयसीचं कार्यालय) चौकशी करता येते, तुमच्याकडे स्थानिक शाखेतून सुरुवात करा. दावा भरण्याआधी हे करा, नंतर नाही.

आणि ठेकेदाराने कापलं पण भरलंच नाही असं निघालं तर? लाभ बुडत नाही. महामंडळ लाभ देऊन मालकाकडून वसूल करू शकतं (जुन्या ईएसआय कायद्यात कलम ६८). पण कापल्याचा पुरावा तुमच्याकडे हवा, म्हणजे स्लिप. रोखीने पगार आणि स्लिप नाही, असं असेल तर हजेरी कार्ड, बँक नोंदी, जे मिळेल ते.

आता भरण्याची पद्धत, सगळ्यांसाठी एकदाच लिहितो. ईएसआयसीच्या पोर्टलवर विमाधारक म्हणून लॉगिन, युजरनेम म्हणजे तुमचा दहा आकडी इन्शुरन्स नंबर. आधी योगदानाचा तपशील उघडून महिनावार दिवस आणि पगार स्लिपशी ताडा. मग आधार जोडलेलं आहे का आणि बँक खातं बरोबर आहे का ते बघा. सगळ्यात जास्त दावे रखडतात ते नावामुळे: आधारवर वडिलांचं नाव मध्ये, ईएसआयसीत फक्त नाव-आडनाव, बँकेत आद्याक्षरं. तिन्ही सारखी करून घ्या.

अटलचा दावा ३० दिवस बेकार राहिल्यावर भरता येतो, आणि फक्त होऊन गेलेल्या दिवसांचा. पुढच्या तारखांचा दावा चालत नाही. ९० दिवस एकदम नको असतील तर तुकड्यांत घेता येतात, तुकडा एक महिन्यापेक्षा लहान नको. आधारची आणि पासबुकाची स्कॅन प्रत सोबत चढवा. चढवली नाही तर दाव्याची सही केलेली छापील प्रत कागदांसह शाखेत नेऊन द्या किंवा पोस्टाने पाठवा. शपथपत्राचा स्टॅम्प पेपर २०२० च्या नोव्हेंबरपासून लागत नाही, तो करून देतो म्हणून पैसे घेणारे अजून आहेत. ओटीपी त्यांना देऊ नका.

दोन ठिकाणी कामाला असाल आणि दोन्हीकडे ईएसआयसी असेल तर दोन्ही नोकऱ्या गेल्या तरच बेकार धरतात. आजारपणाचा किंवा प्रसूतीचा रोख लाभ चालू असलेल्या दिवसांचा हा भत्ता मिळत नाही. प्रसूती लाभ पूर्ण पगाराच्या दराने असतो, तो पात्र असेल तर तोच घ्यावा.

---

जुना_फिटर

सरकारचा वेगळा बेकारी भत्ता असतो ना? मुख्यमंत्र्यांची ती योजना.

---

पगारपत्रक

मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना म्हणताय. ते प्रशिक्षणाचं विद्यावेतन आहे, १८ ते ३५ वयासाठी, आस्थापनेत जाऊन काम करावं लागतं. नोकरी गेल्याची भरपाई नाही. राजस्थान, हिमाचलसारखा बेकारी भत्ता आपल्याकडे नाही.

मूळ प्रश्नातला पीएफ राहिलाच. पीएफ काढल्याने ईएसआयसीच्या भत्त्यावर परिणाम होत नाही, दोन्ही वेगळी खाती. जुना नियम: एक महिना बेकार असाल तर ७५ टक्के, दोन महिन्यांनी सगळं. १३ ऑक्टोबर २०२५ च्या बैठकीत पीएफच्या विश्वस्त मंडळाने बदल ठरवला, ७५ टक्के लगेच आणि उरलेले २५ टक्के १२ महिन्यांनी, पेन्शनचा हिस्सा ३६ महिन्यांनी. अर्जाच्या दिवशी पोर्टल कोणता पर्याय उघडतं ते बघून चला.

तुमची सेवा पाच वर्षांच्या आतली. राजीनामा देऊन ५०,००० च्या वर रक्कम काढलीत तर पॅन जोडलेलं असताना १० टक्के कर कापून येईल; काम कमी झाल्याने कपात झाली असेल तर तो लागत नाही. एकूण उत्पन्न करपात्र नसेल तर स्वघोषणापत्र जोडा, जुनं १५जी तेच. पेन्शनच्या पैशाला हात लावू नका, त्याऐवजी स्कीम सर्टिफिकेट (पेन्शनची सेवा जपणारा दाखला) घ्या. पुढच्या नोकरीत ही साडेचार वर्षं धरून दहा भरली की ५८ ला पेन्शन लागू होतं.

कंपनीने बाहेर पडल्याची तारीख टाकली नाही तर शेवटच्या योगदानानंतर दोन महिन्यांनी तुम्ही स्वतः यूएएन पोर्टलवर आधार ओटीपीने टाकू शकता. ती नंतर सहज बदलता येत नाही. ईएसआयसीत, कपातीच्या पत्रात आणि इथे, तिन्हीकडे एकच तारीख.

---

टर्निंग_सेंटर

ईमेल गेला. एचआरचा सूर बदललाय, "लेखी नोटीस देतो" म्हणतात, २८ फेब्रुवारीपासून एक महिन्याची. ग्रॅच्युइटी मिळणार नाहीच ना? पाच वर्षं भरत नाहीत.

---

कामगार_कायदा_नाशिक

थांबा, इथे थोडं डोकं लावण्यासारखं आहे.

पाच वर्षांची अट असली तरी चार वर्षं पूर्ण आणि पाचव्या वर्षात २४० दिवस भरले तर ग्रॅच्युइटी द्यावी लागते, असा मद्रास उच्च न्यायालयाचा निवाडा आहे, आणि बऱ्याच कंपन्या तो पाळतात. तुमचं पाचवं वर्ष १६ ऑगस्ट २०२५ ला सुरू झालं. सगळे दिवस पगारी असतील तर २४० वा दिवस येतो १२ एप्रिल २०२६ ला. नोटीस संपते २८ मार्चला. पंधरा दिवस कमी पडतात.

पगारी रजा किती शिल्लक आहे ते बघा. पंधरा-वीस दिवस असेल तर तिचे पैसे न घेता रजाच मागा आणि शेवटचा दिवस १२ एप्रिलच्या पुढे लिहून घ्या. बिनपगारी खाडे झाले असतील तर तितके दिवस आणखी पुढे. एचआरला खर्च जवळजवळ तेवढाच, कारण रजेचे पैसे त्यांना द्यायचेच आहेत. तुमच्या बाजूने मूळ पगार अधिक महागाई भत्ता समजा १३,००० असेल तर १३,००० गुणिले १५ भागिले २६ म्हणजे वर्षाला ७,५००, पाच वर्षांचे ३७,५००.

तारीख पुढे गेल्याने बाकी काही बिघडत नाही. भरपाईची वर्षं पाचच राहतात. ईएसआयसीत "लगेच आधीचा काळ" बदलून ऑक्टोबर २०२५ ते मार्च २०२६ होतो, आणि तोही तुमचा भरलेला आहे.

फक्त रजेचा अर्ज आणि त्याची मंजुरी दोन्ही नोटीस संपायच्या आत लेखी घ्या. २८ मार्चनंतर मागितलेली रजा रजा राहत नाही.